बॅकअपचा रोजमेळ

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीचा एक अभियंता डेटाबेसच्या दुरुस्तीत गुंतला होता. जगभरचे प्रोग्रामर आपापला कोड जिथे ठेवतात, अशा सेवांपैकी गिटलॅब ही एक मोठी सेवा. मुख्य डेटाबेसची हुबेहूब प्रत सतत बाळगणारा दुसरा सर्व्हर त्या दिवशी मागे पडला होता. त्याच्यावरचा जुना डेटा पुसून प्रत नव्याने उभी करायची, एवढेच काम होते. पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली गेली. एक-दोन सेकंदांत चूक ध्यानात आली आणि आज्ञा थांबवली गेली, पण तोवर सुमारे ३०० जीबी डेटातला जेमतेम साडेचार जीबी उरला होता. अशा अपघातासाठीच बॅकअप असतो, म्हणून पथकाने बॅकअपच्या फाइली शोधायला घेतल्या. रोज एकदा डेटाबेसची पूर्ण प्रत काढून ती अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री साठवणीत ठेवायची व्यवस्था होती. ती जागा रिकामी निघाली. अ‍ॅझूर सेवेत डिस्कचे स्नॅपशॉट घेण्याची सोय होती, पण डेटाबेसच्या सर्व्हरांसाठी ती चालूच केलेली नव्हती. दुसरा सर्व्हर तर आधीच पुसून झाला होता. शेवटी कामी आला तो चाचणीसाठी म्हणून एका अभियंत्याने सुमारे सहा तासांपूर्वी स्वतः घेतलेला स्नॅपशॉट. त्यातला डेटा परत आणायला सुमारे १८ तास लागले. लोकांचा मूळ कोड वाचला, पण मधल्या सहा तासांतल्या डेटाबेसमधल्या नोंदी कायमच्या गेल्या. त्यात अंदाजे ५,००० प्रकल्पांच्या, तितक्याच प्रतिक्रियांच्या आणि ७०० नव्या खात्यांच्या नोंदी होत्या.

ही हकीकत एवढ्या तपशिलाने माहीत आहे, कारण गिटलॅबने स्वतःच तिचा पंचनामा जगापुढे ठेवला. त्यातला सर्वांत बोधप्रद भाग चुकीच्या आज्ञेचा नसून त्या रिकाम्या जागेचा आहे. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ या आवृत्तीवर चालत होता. प्रत काढणारा प्रोग्राम मात्र वेगळ्याच एका सर्व्हरवरून चालत होता, आणि तिथे आवृत्ती ठरवणारी फाइल नसल्यामुळे तो ९.२ ही जुनी आवृत्ती वापरत होता. आवृत्ती जुळली नाही की हा प्रोग्राम चूक दाखवून थांबतो, आणि तो रोज तसाच थांबत होता. चूक झाली की कळवणारी ई-मेलही ठरवलेली होती आणि ती पाठवलीही जात होती. पण पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या डीमार्क या पद्धतीप्रमाणे तिच्यावर सही नव्हती, म्हणून घेणाऱ्या मेल सर्व्हरने ती नाकारली. बॅकअप होत नव्हता, होत नसल्याची तक्रारही पोहोचत नव्हती, आणि तक्रार येत नाही म्हणून सगळे आलबेल आहे असे सर्वांनी गृहीत धरले होते. बॅकअपची नियमित तपासणी का झाली नाही, या प्रश्नाला पंचनाम्याने दिलेले उत्तर सरळ आहे : ते काम कोणाकडेच सोपवलेले नव्हते.

सर्व्हरच्या बॅकअपवर देखरेख ठेवायची तर रोजचा अहवाल का लागतो, याचे उत्तर या घटनेत आहे. बहुतेक कार्यालयांत देखरेखीची व्यवस्था ‘बिघडले तर कळवा’ या तत्त्वावर उभी असते. या तत्त्वात एक मूलभूत उणीव आहे. निरोप आला नाही, याचे दोन अर्थ निघतात. एक, सारे ठीक आहे. दोन, निरोप देणारी यंत्रणाच बंद पडली आहे. वाचणाऱ्याला हे दोन अर्थ वेगळे करता येत नाहीत. ज्या बिघाडाने बॅकअप थांबतो, त्याच बिघाडाने अनेकदा सूचना देणेही थांबते : सर्व्हर बंद पडतो, डिस्क भरते, नेटवर्क तुटते, नाहीतर पासवर्डची मुदत संपते. म्हणजे सूचनेची गरज सर्वांत जास्त असते, नेमकी तेव्हाच ती पोहोचण्याची शक्यता सर्वांत कमी असते. रोज ठरलेल्या वेळी, काम झाले असो वा नसो, आकड्यांसह येणारा अहवाल ही कोंडी फोडतो. तो आला नाही तर त्याचा एकच अर्थ निघतो, आणि शोध त्याच सकाळी सुरू होतो. अर्थात त्यासाठी अहवाल नुसता येऊन चालत नाही. त्यात काय असावे, तो कशाशी ताडून पाहावा आणि कोणी वाचावा, हे ठरलेले असावे लागते.

यशाची खबर तरी विश्वासाची असते का, हा पुढचा प्रश्न. कित्येक ठिकाणी सकाळी ‘बॅकअप यशस्वी’ एवढ्या दोनच शब्दांचा निरोप येतो. हे शब्द कोण लिहितो, ते पाहिले की त्यांचे वजन कळते. लिनक्सवर नेहमी दिसणारी एक रचना घेऊ. एक प्रोग्राम डेटाबेसची प्रत काढतो, आणि ती थेट दुसऱ्या प्रोग्रामकडे, समजा जीझिपकडे, आकुंचनासाठी जाते. अशी साखळी जोडली की वेगळी सूचना दिल्याखेरीज या आज्ञा चालवणारी शेल फक्त शेवटच्या प्रोग्रामचा निकाल ग्राह्य धरते. पहिला प्रोग्राम सुरुवातीलाच कोलमडला तरी जीझिप आपले काम चोख बजावतो : काहीही न मिळाल्यामुळे तो ‘काहीही नाही’ याचे आकुंचन करतो, २० बाइटची एक निर्दोष फाइल तयार करतो आणि यश कळवतो. स्क्रिप्ट त्यावर विसंबून ‘यशस्वी’ लिहिते. फाइली उतरवून घेणाऱ्या आरसिंक या प्रोग्रामची गोष्टही अशीच. काम संपताना तो एक क्रमांक देतो. २४ म्हणजे यादी केल्यानंतर काही फाइली मूळ जागेवरूनच नाहीशा झाल्या. वर्दळीच्या सर्व्हरवर हे नेहमीचे असते. २३ म्हणजे काही फाइली उतरवताच आल्या नाहीत. यात कदाचित सर्वांत महत्त्वाची फाइलही असू शकते. हे दोन्ही क्रमांक ‘किरकोळ इशारा’ म्हणून एकाच खणात टाकणारी स्क्रिप्ट वर्षभर हिरवी खूण दाखवत राहील आणि एक फोल्डर वर्षभर बॅकअपबाहेर राहील.

म्हणून अहवालात निकालाच्या शब्दाआधी आकडे हवेत. प्रत्येक सर्व्हरपुढे काम कधी सुरू झाले, कधी संपले, किती फाइली वाचल्या, किती डेटा उतरला, किती फाइली सुटल्या आणि किती वेळा पुन्हा प्रयत्न करावा लागला, हे लिहिलेले असावे. २० बाइटच्या फाइलीपुढे ‘यशस्वी’ असे छापलेले असले, तरी आकार शेजारीच दिसत असेल तर कोणाचीही फसगत होणार नाही. या सगळ्यांपेक्षा मोलाचा आकडा म्हणजे शेवटच्या निर्दोष प्रतीचे वय. आता या क्षणी सर्व्हर गेला, तर आपण किती तास मागे जाऊ, हे तोच सांगतो. प्रत्येक संस्थेने किती तासांचे काम गमावणे परवडेल याची मर्यादा ठरवायची असते. शाळेच्या ग्रंथालयाला एक दिवस चालेल. पतसंस्थेच्या व्यवहारांना एक तासही जड जाईल. ही मर्यादा आणि प्रतीचे खरे वय शेजारी शेजारी छापले, तर संगणकातले काही न कळणाऱ्या व्यवस्थापकालाही धोका समजतो. ‘काल रात्रीचे काम फसले’ या वाक्याने तो हलणार नाही, पण ‘शेवटची चांगली प्रत चार दिवसांपूर्वीची, मर्यादा एका दिवसाची’ हे वाचल्यावर तो स्वस्थ बसू शकत नाही.

एका दिवसाचा आकडा मात्र स्वतःहून फार थोडे सांगतो. ‘४१० जीबी, सहा तास वीस मिनिटे’ यात चांगले काय आणि वाईट काय? तो आकडा कालच्या, गेल्या आठवड्याच्या आणि गेल्या महिन्याच्या आकड्यांशेजारी ठेवला की बोलू लागतो. बॅकअपची बरीच दुखणी एका रात्रीत येत नाहीत, ती हळूहळू साचत जातात. एक साधा हिशेब पाहू. सेकंदाला एक गिगाबिट वेगाच्या नेटवर्कवरून सैद्धांतिक कमाल १२५ एमबी डेटा दर सेकंदाला जातो. म्हणजे ४ टीबी डेटा उतरवायला कशाचाही अडथळा नसला तरी जवळपास नऊ तास लागतात. रात्री दहाला काम सुरू केले तर सकाळी सातला संपेल. डेटा ५ टीबी झाला की अकरा तासांवर जाईल, म्हणजे सकाळचे नऊ वाजतील. कर्मचारी कामाला बसतील तेव्हाही बॅकअप चालूच असेल, सगळे संगणक संथ होतील, आणि कोणीतरी वैतागून ते काम मध्येच बंद करील. त्या दिवशी ‘बॅकअप अचानक बंद पडला’ असे म्हटले जाईल. प्रत्यक्षात तो दिवस कित्येक आठवडे आधी दिसत होता. रोजच्या अहवालातल्या ‘लागलेला वेळ’ या रकान्यात चार-पाच मिनिटांची वाढ नेमाने होत असताना कोणी तिची रेघ ओढून पाहिली असती, तर नेटवर्क वाढवायचे की बॅकअपची रीत बदलायची, हे निवांतपणे ठरवता आले असते.

आकडे रोज थोडे इकडे तिकडे होणारच. मग कोणत्या बदलाकडे लक्ष द्यायचे? हा प्रश्न उद्योगांच्या जगात शंभर वर्षांपूर्वी सुटलेला आहे. टेलिफोनची उपकरणे बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण-आलेखाची कल्पना मांडली. कोणत्याही प्रक्रियेत काही चढउतार अंगभूत असतात आणि काही एखाद्या वेगळ्या कारणामुळे येतात. जुन्या नोंदींवरून अंगभूत चढउतारांची वरची आणि खालची सीमा काढता येते, आणि त्या सीमेबाहेर जाणाऱ्या आकड्याचे कारण शोधायचे असते. बॅकअपला हे तत्त्व लावताना एक पथ्य पाळावे लागते : सोमवारची तुलना सोमवारशी आणि महिनाअखेरची महिनाअखेरीशी करायची. बँकेत मार्चअखेरीला फुगलेला आकडा स्वाभाविक असतो. तोच ऑगस्टमधल्या रविवारी दिसला तर तो चौकशीचा विषय होतो. रोज बदललेल्या तेवढ्याच डेटाची प्रत काढणाऱ्या बॅकअपमध्ये असा एकाएकी फुगलेला आकडा रॅन्समवेअरची चाहूल असू शकते. हल्लेखोर फाइली कुलूपबंद करू लागला की बॅकअपच्या दृष्टीने त्या सगळ्या ‘बदललेल्या’ ठरतात, आणि सांकेतिक रूपातल्या डेटाचे आकुंचन होत नसल्यामुळे प्रतींचा आकार आणखीच वाढतो. उलट आकडा एकदम कोसळला, तर मूळ डिस्क जोडलीच गेली नव्हती आणि प्रोग्रामने रिकाम्या फोल्डरची प्रत इमानेइतबारे काढली, अशी शंका घ्यायला जागा असते.

बॅकअपची यंत्रणा स्वतःच डेटा नष्ट करते, असेही घडू शकते. जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर डिसेंबर २०२१ मध्ये हे झाले. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइजच्या अभियंत्यांनी बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये सुधारणा केली होती. दहा दिवसांपेक्षा जुने लॉग पुसणे हा तिच्यातला एक भाग. जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच नवी तिच्यावर चढवली गेली, त्यामुळे चालू स्क्रिप्ट मध्येच नव्या मजकुराकडे वळली. जिथे लॉगच्या फोल्डरचा पत्ता हवा होता तिथे काहीच उरले नाही, आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या. १४ डिसेंबरच्या संध्याकाळपासून १६ च्या दुपारपर्यंत हे चालले. सुमारे ७७ टीबी डेटा, अंदाजे ३ कोटी ४० लाख फाइली गेल्या. १४ संशोधनगटांना फटका बसला आणि त्यांतल्या चौघांचा डेटा परत मिळवणे शक्य नव्हते. या घटनेचा कालावधी इथे महत्त्वाचा आहे. नुकसान जवळपास दोन दिवस होत राहिले. ‘काल किती फाइली पुसल्या’ असा रकाना असलेला अहवाल १५ तारखेच्या सकाळी कोणाच्या नजरेखालून गेला असता, तर पुढचे नुकसान थोपवण्याची संधी होती. अहवालाने पहिली चूक टळत नाही, पण ती किती काळ चालू राहील हे अहवालावर ठरते.

आतापर्यंत ज्या अहवालाचा विचार केला, तो बॅकअपची प्रणाली स्वतः लिहिते. त्यामुळे तिला ठाऊक असलेल्याच गोष्टी त्यात येतात. गेल्या महिन्यात नवा सर्व्हर बसला आणि तो बॅकअपच्या यादीत घालायचा राहून गेला, तर अहवाल ‘सर्व ४२ कामे पूर्ण’ असे खरेच सांगेल. त्रेचाळिसाव्या सर्व्हरचे नावही त्यात नसेल. दुकानदार रोजमेळ जुळवतो तेव्हा वहीतली शिल्लक आणि गल्ल्यातली रोकड या दोन स्वतंत्र बाजू समोरासमोर ठेवतो; एकच बाजू दोनदा मोजून मेळ बसत नाही. बॅकअपच्या अहवालालाही दुसरी बाजू हवी : संस्थेत प्रत्यक्ष किती सर्व्हर आणि किती डेटाबेस आहेत याची यादी, आणि ती बॅकअप प्रणालीबाहेरून, म्हणजे मालमत्तेच्या नोंदवहीतून किंवा नेटवर्कच्या नोंदीतून, आलेली असावी. दोन्हींतला फरक अहवालात ‘बॅकअप नसलेले’ या मथळ्याखाली रोज छापला गेला पाहिजे. या रकान्यातली एखादी नोंद किती महाग पडू शकते हे दक्षिण कोरियाने अनुभवले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या सरकारी डेटा केंद्राला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांनी आपल्या कामाच्या फाइली जिथे ठेवायच्या ती ‘जी-ड्राइव्ह’ ही साठवण त्यात जळाली. तिच्यात ८५८ टीबी डेटा होता आणि साठवण फार मोठी म्हणून तिचा बाहेर बॅकअपच घेतला जात नव्हता. ही त्रुटी तांत्रिक बिघाडातून आलेली नव्हती, तो एक निर्णय होता. असा निर्णय वरिष्ठांच्या समोर रोज छापील स्वरूपात येत राहिला, तर त्याचा फेरविचार होण्याची शक्यता तरी राहते.

यावर पहिला आक्षेप असा की रोजची मेल कोणी वाचत नाही. पहिला आठवडा उत्सुकता असते. दुसऱ्या महिन्यात ती मेल आपोआप एका फोल्डरमध्ये जाऊन पडते. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला जीवघेणा पुरावाही आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने एप्रिल २०१३ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या अलार्मबद्दल इशारा दिला. त्यात नमूद आहे की ८५ ते ९९ टक्के अलार्मवर कोणतीही वैद्यकीय कृती करायची गरज नसते. त्यामुळे ऐकणाऱ्यांचे कान बोथट होतात. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात अलार्मशी निगडित ९८ घटना संस्थेकडे नोंदल्या गेल्या आणि त्यांतल्या ८० मध्ये रुग्ण दगावला. माणसाचे लक्ष हीच सर्वांत तुटपुंजी सामग्री आहे, हे अहवाल आखणाऱ्याने आधी मान्य केले पाहिजे. चाळीस सर्व्हरांच्या चाळीस मेल पाठवणे म्हणजे न वाचण्याची सक्ती करणे. एकच मेल, तिच्या माथ्यावर दोन-चार ओळींत अपवाद, खाली एका पानात मावेल असा तक्ता, आणि सविस्तर लॉग मागितला तरच, अशी रचना असावी. वाचणाऱ्याचे नाव ठरलेले असावे, तो रजेवर असेल तर बदलीचे नावही ठरलेले असावे, आणि वाचल्याची नोंद त्याने करावी. अहवाल आलाच नाही तर ओरडणारा पहारेकरी बॅकअपच्या सर्व्हरवर न ठेवता वेगळ्या ठिकाणी असावा : सकाळी आठपर्यंत निरोप पोहोचला नाही तर तो स्वतःहून फोनवर संदेश पाठवील. गिटलॅबच्या नाकारल्या गेलेल्या मेलवर हाच उपाय आहे.

दुसरा आक्षेप आधुनिक साधने वापरणाऱ्यांचा. क्षणाक्षणाला आकडे दाखवणारे फलक आणि तत्काळ इशारे असताना रोज एकदा येणारा अहवाल जुनाट वाटतो. तत्काळ इशारा हवाच. डिस्क रात्री दोनला भरली तर सकाळची वाट पाहण्यात अर्थ नाही. पण इशारा देण्यासाठी सीमा आधी ठरवावी लागते. ज्या बिघाडाची कल्पनाच केली नव्हती, त्याची सीमाही कोणी आखलेली नसते. रोज चार-पाच मिनिटांनी वाढणारा वेळ कोणतीच सीमा ओलांडत नाही, म्हणून इशारा वाजत नाही. फलकाची अडचण वेगळी आहे : तो पाहायला आपण जावे लागते, आणि कामाच्या धबडग्यात जाणे राहून जाते. अहवाल आपल्याकडे येतो, तारखेसह येतो, आणि मागे राहतो. तीन महिन्यांपूर्वी काय स्थिती होती, याचा तो लेखी पुरावा असतो. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायला सांगितले आहे. बॅकअपचे अहवालही निदान तेवढे दिवस, आणि ज्या सर्व्हरांबद्दल ते आहेत त्यांच्यापासून दूर, ठेवणे शहाणपणाचे ठरेल. सर्व्हरांची नावे आणि उणिवा सांगणारा हा कागद हल्लेखोरालाही उपयोगी पडू शकतो, म्हणून तो मोजक्याच लोकांपर्यंत जावा, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : बॅकअप चांगला आहे की नाही हे अहवालावरून कधीच कळत नाही, डेटा परत आणून पाहिला तरच कळते. हे शंभर टक्के खरे आहे. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फाइली चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. बॅकअप नीट चालत नव्हता हे त्या फाइली परत आणायची वेळ आल्यावरच उमगले. घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला. याउलट दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा पाच सर्व्हरांवरचा सुमारे १.३ टीबी डेटा कुलूपबंद झाला. कित्येक दिवस नोंदणीपासून तपासणी-अहवालांपर्यंतची कामे कागदावर करावी लागली. पण हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला, असे सरकारने संसदेत सांगितले. परत आणता येणे हीच बॅकअपची खरी कसोटी, यात वाद नाही. पण त्यावरून अहवाल निरुपयोगी ठरत नाही. त्यात आणखी एक रकाना असायला हवा, एवढेच सिद्ध होते. प्रत्येक सर्व्हरपुढे ‘डेटा परत आणून पाहिल्याची शेवटची तारीख’ आणि ‘त्याला लागलेला वेळ’ छापला पाहिजे. सगळा डेटा रोज परत आणून पाहणे शक्य नसते, पण रोज एक डेटाबेस पाळीपाळीने रिकाम्या सर्व्हरवर उभा करून त्यातल्या नोंदी मोजणे शक्य असते, आणि हे काम स्वयंचलितही करता येते. गिटलॅबला डेटा परत आणायला १८ तास लागतील हे अपघाताच्या दिवशीच समजले. हा आकडा आधी कळायला हवा होता.

चौथा आक्षेप लहान संस्थांकडून येतो : आमच्याकडे एवढी माणसे नाहीत, आणि आता सगळे क्लाउडवर आहे, तिथली कंपनी पाहून घेईल. क्लाउडची कंपनी यंत्रे सांभाळते. तिच्या किंवा आपल्या चुकीने खातेच पुसले गेले तर काय? मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या सहा लाखांहून जास्त सभासद असलेल्या निवृत्तिवेतन निधीचे गूगल क्लाउडवरचे खासगी क्लाउड पुसले गेले. यंत्रणा उभारताना एक रकाना रिकामा राहिला होता आणि त्यामुळे तिला एका वर्षाची मुदत लागली होती. युनिसुपरने दुसऱ्या कंपनीकडेही बॅकअप ठेवले होते, त्यामुळे नुकसान आटोक्यात राहिले. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ च्या परिपत्रकात नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचा जो किमान आराखडा दिला, त्यातही महत्त्वाच्या डेटाचा वेळोवेळी बॅकअप घेऊन तो नेटवर्कपासून तोडून ठेवायला सांगितले आहे. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी असलेल्या छोट्या सहकारी बँकेलाही ही जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही. मनुष्यबळाचे म्हणाल, तर अहवाल हे मनुष्यबळ वाचवायचेच साधन आहे. आकडे गोळा करणारी स्क्रिप्ट एकदा लिहावी लागते, आणि पुढे एका माणसाची रोजची पाच-दहा मिनिटे पुरतात. संस्था जितकी लहान, तितकी ही मिनिटे मोलाची, कारण डेटा गेल्यावर तो पुन्हा उभा करायला तिच्याकडे पथक नसते.

तेव्हा रोजच्या अहवालाकडे तांत्रिक विभागाचा कागद म्हणून पाहणे थांबवले पाहिजे. त्यातल्या चार प्रश्नांची उत्तरे संस्थेच्या प्रमुखाला रोज नाही तरी आठवड्यातून एकदा माहीत असायलाच हवीत : शेवटची चांगली प्रत किती जुनी आहे, कशाकशाचा बॅकअप नाही, डेटा शेवटचा कधी परत आणून पाहिला, आणि काल हा अहवाल कोणी वाचला. हे प्रश्न विचारायला संगणकशास्त्र लागत नाही, आणि वरून ते विचारले जातात हे कळले की खालचे कामही बदलते. आज शेतकऱ्याचा सातबारा, ठेवीदाराचे खाते, विद्यार्थ्याचा निकाल आणि रुग्णाचा इतिहास हे सारे कोणत्या ना कोणत्या सर्व्हरवर आहे. तो डेटा त्या लोकांचा आहे. संस्थेने तो त्यांच्या वतीने सांभाळायला घेतला आहे. बॅकअप घेतल्याने त्या विश्वासाचा अर्धा भाग पाळला जातो. घेतलेला बॅकअप आजही शाबूत आहे, हे रोज आकड्यांनिशी दाखवता आले म्हणजे उरलेला अर्धा पाळला जातो, आणि त्यासाठी लागणारी शिस्त कोणत्याही संस्थेच्या आवाक्यातली आहे.